सही केली म्हणजे फ्लॅटमधून सुटका नाही? हे खरं नाहीये

"एकदा बिल्डरच्या कागदावर सही केली की संपलं, बाहेर पडलात तर पैसे गेले समजा" हे वाक्य इतकी वर्षं फिरतंय की लोक पझेशन लांबलं तरी ईएमआय आणि भाडं दोन्ही भरत गप्प बसतात, आणि याचंच मला फार वाईट वाटतं.

रेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रोजेक्टवर नियंत्रण ठेवणारा कायदा, २०१६ चा. त्याचं कलम १८ वाचा. करारात लिहिलेल्या तारखेला ताबा दिला नाही तर तुम्ही प्रोजेक्टमधून बाहेर पडू शकता आणि भरलेले सगळे पैसे व्याजासकट मागू शकता, आणि राहायचं ठरवलंत तर उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज मिळतं. महाराष्ट्रात व्याज स्टेट बँकेच्या सर्वात जास्त एमसीएलआर (बँकेचा कर्जासाठीचा आधार दर) अधिक २ टक्के. न्यूटेक या बिल्डर कंपनीच्या केसमध्ये २०२१ साली सुप्रीम कोर्टाने हा हक्क विनाअट आहे असं स्पष्ट सांगितलंय.

"पण करारात तर उलटंच लिहिलंय!" त्यावर पायोनियर अर्बन या बिल्डर कंपनीच्या केसमधला सुप्रीम कोर्टाचा २०१९ चा निकाल आहे, एकतर्फी अटी ग्राहकावर लादता येत नाहीत.

बिल्डरची चूक नसताना तुमचं मन बदललं तर मात्र गोष्ट वेगळी, तेव्हा कापाकापी होते. पण महारेराच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या रेरा प्राधिकरणाच्या, नमुना अलॉटमेंट लेटरात (फ्लॅट तुमच्यासाठी राखल्याचं पत्र) १५ दिवसांत रद्द केल्यास काहीच कापायचं नाही आणि ६० दिवसांनंतरही फ्लॅटच्या किमतीच्या २ टक्केच. तुमच्या लेटरात काय आहे ते टोकन देण्याआधी बघा, आणि करार रजिस्टर होईपर्यंत किमतीच्या १० टक्क्यांच्या वर एक रुपया देऊ नका, कलम १३ प्रमाणे बिल्डरला तो मागताच येत नाही.