रिकाम्या कपाटाची गोष्ट

एका गोदामाला आग लागते. आधी बातमी येते की तिथल्या कपाटात तेलरंगाचे डबे आणि गॅसचे सिलिंडर ठेवलेले होते. थोड्या वेळाने दुरुस्ती येते, की नाही, कपाट रिकामंच होतं. आता कुणी विचारलं की धूर एवढा दाट का होता, तर तुम्ही काय सांगाल?

हॉलिन जॉन्सन आणि कॉलीन सायफर्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली अशाच रचलेल्या बातम्या लोकांना वाचायला दिल्या होत्या. कपाट रिकामं होतं हे लोकांनी वाचलं होतं, त्यांच्या ते लक्षातही होतं. तरी आगीबद्दल प्रश्न विचारले की पुष्कळ जण त्या नसलेल्या डब्यांवर येऊन थांबायचे. दुरुस्तीबरोबर आग मुद्दाम लावल्याची चिन्हं सापडल्याचंही सांगितलं, तेव्हा मात्र डब्यांची पकड बरीच सैल झाली.

हवामान बदलाबद्दलचा अपप्रचार खोडून काढताना आपण नेमकं इथेच चुकतो. आपण ‘हे खोटं आहे’ एवढंच सांगून मोकळे होतो. पण मनाने त्या खोट्याभोवती एक गोष्ट रचलेली असते. तिच्यातलं कारण काढून घेतलं आणि जागी दुसरं ठेवलं नाही, की मन जुनंच कारण उचलून परत तिथे बसवतं.

‘१९९८ नंतर तापमानवाढ थांबली’ हा दावा घ्या. बरीच वर्षं तो एका आलेखासह फिरत होता आणि आलेखातले आकडे खरेच होते. ज्याने तो पाहिलाय त्याला नुसतं ‘खोटं’ म्हणून काय उपयोग? सपाट रेघ त्याने डोळ्यांनी पाहिलेली असते, तिचं उत्तर द्यायला हवं. आणि ते साधं आहे. १९९७-९८ मध्ये प्रशांत महासागरात फार तीव्र एल निनो होता, म्हणजे तिथलं पृष्ठभागाचं पाणी नेहमीपेक्षा बरंच तापलं होतं. समुद्राने साठवलेली उष्णता हवेत आली आणि १९९८ हे वर्ष भोवतालच्या वर्षांपेक्षा एकदम वर गेलं. मोजणी त्या शिखरापासून सुरू केली की पुढची काही वर्षं सपाटच दिसणार. शिखराच्या दोन-तीन वर्षं आधीपासून रेघ ओढा, चढ लगेच दिसतो. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदींत २०१५ ते २०२४ ही दहाच्या दहा वर्षं तोवरची सर्वांत उष्ण ठरली. त्यातलं २०२४ तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या सरासरीपेक्षा सुमारे १.५५ अंश सेल्सिअसने वर होतं.

माझ्या मते यात सगळ्यात मोलाची गोष्ट १९९८ हा आकडा नाही, सोयीचं वर्ष निवडण्याची ही क्लृप्ती आहे. आकडा एका दाव्यापुरता कामाला येतो. क्लृप्ती एकदा ओळखता आली की तीच पुढे हिमनगांच्या, पावसाच्या, वादळांच्या आलेखांतही दिसू लागते.

ही ओळख आधीच करून देता येईल का? मानसशास्त्रज्ञ विल्यम मॅग्वायर यांनी १९६० च्या दशकात मांडलं होतं की लशीत रोगजंतूचा दुबळा अंश देतात, तसा खोट्या युक्तिवादाचा दुबळा नमुना उत्तरासकट आधी दाखवला, तर मन सावध होतं. मानसशास्त्रज्ञ सँडर व्हॅन डर लिंडन आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दोन हजारांहून जास्त अमेरिकी लोकांवर हे तपासलं. ‘९७ टक्के हवामानशास्त्रज्ञांच्या मते माणसामुळे तापमानवाढ होते आहे’ हे वाचल्यावर शास्त्रज्ञांच्या एकमताबद्दलचा लोकांचा अंदाज जवळपास २० टक्क्यांनी वर गेला. मग ३१ हजार ‘शास्त्रज्ञांच्या’ सह्यांची एक विरोधी याचिका दाखवली. जेवढं कमावलं होतं तेवढं सगळं धुऊन गेलं. पण ‘काही लोक दिशाभूल करू पाहतात’ एवढा इशारा आधी दिला, तर साधारण एक-तृतीयांश परिणाम टिकला. सह्या करणाऱ्यांत हवामानशास्त्राची पार्श्वभूमी असलेले एक टक्काही नाहीत आणि यादीत चार्ल्स डार्विनचंही नाव आहे, हे उलगडून सांगितलं तेव्हा दोन-तृतीयांश टिकला.

एवढ्यावर हुरळून जाऊ नये. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ देशांतल्या ६,८१६ लोकांना अशाच सहा प्रकारच्या मानसिक लशी दिल्या आणि मग वीस खोट्या विधानांचा मारा केला. संरक्षण जेमतेम मिळालं. मला हा निकाल निराशाजनक नाही, प्रामाणिक वाटतो. खोटं रोज येतं आणि आपण लस एकदाच देतो. तेच ते वाक्य पुन्हापुन्हा कानावर पडलं की ते खरं वाटू लागतं, हे तर १९७७ पासून प्रयोगांत दिसत आलंय.

म्हणून खोडून काढतानाही सुरुवात खऱ्यापासून करावी. खोटा दावा एकदाच सांगावा, त्यातली क्लृप्ती दाखवावी आणि पुन्हा खऱ्यावर यावं. खोडायला गेलं की माणूस उलट जास्त हट्टाला पेटतो, ही भीती मात्र बाजूला ठेवायला हरकत नाही. २०१० च्या एका अभ्यासामुळे ती पसरली, पण नंतरच्या बऱ्याच मोठ्या चाचण्यांत तसं क्वचितच आढळलं.

आणखी एक गैरसमज आहे, जो कुणीही मुद्दाम न पसरवता आपल्या गप्प राहण्यातूनही वाढू शकतो. १२५ देशांतल्या सुमारे १ लाख ३० हजार लोकांना विचारलं होतं, की तापमानवाढ रोखण्यासाठी दरमहा घरच्या उत्पन्नातला एक टक्का द्याल का? ६९ टक्के ‘हो’ म्हणाले. ‘तुमच्या देशातले इतर किती जण देतील?’ यावर त्यांचा सरासरी अंदाज होता ४३ टक्के. तापमानवाढीचा विषय निघाला की हल्ली मी हे दोन आकडे सगळ्यात आधी सांगतो.