गर्भनिरीक्षणाची नवी यंत्रे आणि डॉक्टरांपुढचा कायदेशीर पेच

गर्भातील बाळाच्या हृदयाचे ठोके आणि मातेच्या कळा एकाच कागदी पट्टीवर उमटवणारे सीटीजी यंत्र १९६० च्या दशकाच्या अखेरीस प्रसूतिकक्षात आले, तेव्हा बाळाला प्राणवायू कमी पडू लागल्याचे वेळेत कळेल आणि मेंदूची इजा टळेल, अशी मोठी आशा होती. ती अर्धवटच फळली. ३७ हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेल्या १३ चाचण्यांचा एकत्रित निष्कर्ष असा, की सतत निरीक्षणामुळे नवजात बाळांना येणारे झटके सुमारे निम्म्याने घटले; परंतु मृत्यू किंवा सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर येणारे कायमचे अपंगत्व) यांचे प्रमाण घटले नाही आणि सिझेरियन मात्र वाढली.

न्यायालयात तरीही हीच पट्टी मुख्य पुरावा ठरते. बाळाला इजा झाल्याचे आधीच ठाऊक असलेल्या तज्ज्ञाला तीच वळणे अधिक चिंताजनक वाटतात, हा मानवी मनाचा दोष आहे आणि डॉक्टरांवरील दाव्यांत तो फार महागात पडतो.

नवे तंत्र आले की हा पेच दुहेरी होतो. बाळाच्या रक्तातील प्राणवायू मोजणाऱ्या गर्भ-ऑक्सिमीटरला अमेरिकेत २००० मध्ये मान्यता मिळाली. २००६ मध्ये ५,३४१ स्त्रियांवरील चाचणीत त्याने सिझेरियन कमी होत नसल्याचे दिसले. बाळाच्या ईसीजीतील, म्हणजे हृदयाच्या विद्युत आलेखातील, ‘एसटी’ नावाचा भाग तपासणारे तंत्रही २०१५ मध्ये ११,१०८ स्त्रियांच्या चाचणीत उपयुक्त ठरले नाही. म्हणजे मान्यता मिळणे आणि उपयोग सिद्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामधल्या काळात यंत्र वापरणारा डॉक्टर उघड्यावर असतो.

ब्रिटनमध्ये १९५७ च्या बोलम खटल्यापासून निकष असा, की जबाबदार डॉक्टरांच्या एखाद्या गटाला मान्य असलेली पद्धत वापरणे हा निष्काळजीपणा नव्हे. १९९७ च्या बोलिथो निकालाने त्यात भर घातली, की ती पद्धत तर्काला पटणारी असली पाहिजे. त्यामुळे फार लवकर पुढे जाणाऱ्याच्या पाठीशी असा गट नसण्याची भीती असते. मागे राहणाऱ्यालाही अभय नाही. १९३२ च्या अमेरिकेतील एका खटल्यात मालवाहू पडाव (सामानाच्या नावा) ओढून नेताना ते वादळात गमावणाऱ्या बोटींवर चालू रेडिओ नव्हता. त्या धंद्यात तो ठेवण्याची सार्वत्रिक रीत नसतानाही न्यायालयाने बोटींना दोषी धरले.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित धोका तिसराच आहे: यंत्र आणले, पण ते वाचायला कोणी नीट शिकले नाही. मग दुर्लक्षिलेला प्रत्येक इशारा रुग्णालयाविरुद्ध साक्ष देतो. त्याखालोखाल येते संमती. २०१५ च्या माँटगोमेरी निकालानंतर ब्रिटनमध्ये महत्त्वाची जोखीम आणि पर्याय मातेला सांगणे बंधनकारक आहे. यंत्र नवे असून त्याचा उपयोग अजून सिद्ध व्हायचा आहे, हेही त्यात सांगावे आणि तसे लिहून ठेवावे, असे मला ठामपणे वाटते.

नोंदीतली बारीकशी चूकही निर्णायक ठरू शकते. समजा, यंत्राचे घड्याळ भिंतीवरच्या घड्याळापेक्षा सात मिनिटे मागे आहे. पट्टीवर ठोके मंदावल्याची वेळ १०.१२ उमटते आणि परिचारिका भिंतीकडे पाहून डॉक्टरांना बोलावल्याची वेळ १०.२२ लिहिते. प्रत्यक्षात उशीर झाला तीन मिनिटांचा. कागदावर मात्र तो दहा मिनिटांचा दिसतो.