बल्बच्या पोटातली तार नेमकी कुठे असते?

गाडीचा हेडलाइटचा बल्ब गेला की बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, "जास्त उजेड देणारा कुठला?" माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा. या बल्बमधली तार, म्हणजे फिलामेंट, जुन्या तारेच्याच जागी बसणार आहे का?

दोन फिलामेंटचा साधा एच४ प्रकारचा हॅलोजन बल्ब हातात धरून बघा. काच नव्हे, धातूची बैठक धरायची. आत दोन बारीक गुंडाळ्या दिसतील, प्रत्येकी जेमतेम काही मिलिमीटर लांब. मागची अप्परची, पुढची डिपरची. डिपरच्या गुंडाळीखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी असते आणि सगळी करामत त्या वाटीत आहे. अप्परचं फिलामेंट रिफ्लेक्टरच्या नाभीजवळ (फोकसपाशी) असतं, त्यामुळे प्रकाश सरळ लांबवर जातो. डिपरचं फिलामेंट नाभीच्या थोडं पुढे असतं. तिथून निघालेला प्रकाश रिफ्लेक्टरच्या वरच्या भागावर आपटला की खाली रस्त्याकडे वळतो. खालच्या भागावर आपटला, तर वर उसळून थेट समोरच्याच्या डोळ्यात जाईल. वाटी नेमका हाच प्रकाश अडवते. गुंडाळी एक-दोन मिलिमीटर सरकली तरी हे गणित बिघडतं.

हॅलोजनसाठी बनवलेल्या हेडलाइटमध्ये नुसता एलईडी बल्ब खोचला की बऱ्याचदा नेमकं हेच होतं. एलईडीच्या चकत्या पट्टीच्या दोन बाजूंना असतात. फिलामेंटसारखा चहूबाजूंनी सारखा प्रकाश त्या देत नाहीत आणि त्यांची जागाही थोडी वेगळी पडते. गाडीसमोरचा रस्ता लख्ख दिसतो, म्हणून चालकाला वाटतं काम झालं. प्रत्यक्षात दूरचा प्रकाश कमी झालेला असतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपलेले असतात. मूळचा एलईडी हेडलाइट चांगलाच असतो, कारण त्याचा रिफ्लेक्टर किंवा भिंग त्या चकत्यांसाठीच घडवलेलं असतं. म्हणून हेडलाइटवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत जो प्रकार छापलाय, एच१, एच४, एच७, एच११, तोच घ्यावा.

वॅटच्या बाबतीतही तेच. एच४ चा बल्ब ६०/५५ वॅटचा असतो, म्हणजे अप्पर ६० आणि डिपर ५५. त्याच बैठकीचे १०० वॅटचे बल्बही मिळतात आणि मोह होतो. पण १२ व्होल्टवर ५५ वॅटचा बल्ब साधारण ४.६ अँपिअर ओढतो, तर १०० वॅटचा ८.३. गाडीच्या वायरीत आणि कपलरमध्ये, म्हणजे बल्बला जोडायच्या प्लगमध्ये, होणारी उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे इथे तिपटीहून जास्त. होल्डरचं प्लास्टिक पिवळं पडतं, मग वितळतं. निळसर काचेच्या 'पांढऱ्या' बल्बांचाही मोह नको. निळा थर ही गाळणी आहे. ती पिवळा-तांबडा प्रकाश अडवते, नवा प्रकाश कुठून आणणार?

आता काचेला बोट का लावायचं नाही ते बघू. हॅलोजन बल्बमध्ये आयोडीन किंवा ब्रोमीनचा अंश असतो. तापलेल्या फिलामेंटवरून उडालेलं टंगस्टन या वायूशी संयोग पावतं आणि काचेवर काजळी धरण्याऐवजी पुन्हा फिलामेंटकडे परततं. हे चक्र चालायला काच निदान अडीचशे अंश सेल्सिअसच्या पुढे तापलेली हवी. म्हणून ती लहान आणि क्वार्ट्झची असते. बोटांच्या घामातले क्षार इतक्या उष्णतेत क्वार्ट्झची रचना बदलतात, तिथे पांढुरका डाग पडतो आणि काच कमकुवत होते. चुकून हात लागलाच, तर थंड बल्ब स्पिरिटनं पुसून घ्या.

जळालेला बल्ब टाकण्याआधी नीट पाहावा, तो बरंच सांगतो. काच आतून काळी-चंदेरी झाली असेल तर तो वयोमानानं गेला. पांढरी भुकटी दिसली तर आत हवा शिरली होती. दर थोड्या दिवसांनी बल्ब उडत असेल, तर गाडीचं चार्जिंग व्होल्टेज तपासा. व्होल्टेज फक्त ५ टक्के वाढलं तर प्रकाश सुमारे १८ टक्के वाढतो, पण आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. दोन्ही बाजूंचे बल्ब सारखेच तास जळालेले असतात, त्यामुळे हेडलाइटचे जोडीनं बदललेले बरे.

मागच्या दिव्यांत चूक होऊ नये म्हणून फार सुंदर युक्ती केलेली आहे. ब्रेक आणि टेललाइट मिळून असलेला २१/५ वॅटचा बल्ब बघा: बैठकीवरच्या दोन खुंट्या वेगवेगळ्या उंचीवर आहेत, म्हणजे तो उलटा बसूच शकत नाही. नारिंगी काचेच्या इंडिकेटर बल्बच्या खुंट्या समोरासमोर नसून १५० अंशांवर असतात, त्यामुळे तो पांढऱ्याच्या होल्डरमध्ये जात नाही. बल्ब अडला तर जोर लावू नका, प्रकार तपासा. इंडिकेटरची टिकटिक एकाच बाजूला एकदम जलद झाली तर त्या बाजूचा बल्ब गेलाय असं समजा. इंडिकेटर लावल्यावर टेललाइटही मिणमिणत असेल, तर बल्बपेक्षा अर्थिंगवर संशय घ्या. गंजलेला संपर्क घासून स्वच्छ केला की बहुधा भागतं.

हेडलाइटचा बल्ब बदलून झाल्यावर सपाट जागी गाडी भिंतीसमोर उभी करा आणि डिपर लावा. उजेड-अंधाराची सीमारेषा दोन्ही हेडलाइटची सारख्या उंचीवर आणि स्पष्ट दिसायला हवी. एका हेडलाइटची रेष दुसऱ्यापेक्षा वर चढलेली किंवा विस्कटलेली दिसली, तर बल्बच्या बैठकीचे कान खाचेत नीट बसलेले नाहीत. दिवा बंद करून, बल्ब थंड झाल्यावर काढा आणि पुन्हा बसवा.