डायनॅमिक अ‍ॅड्रेस ग्रुप असलेला नियम लागू होत नसेल तर काय तपासावे

पालो आल्टो नेटवर्क्सच्या फायरवॉलमध्ये (नियमांनुसार नेटवर्कमधील ट्रॅफिक सोडणाऱ्या किंवा अडवणाऱ्या यंत्रणेत) डायनॅमिक अ‍ॅड्रेस ग्रुपचे सदस्य हाताने भरलेले नसतात. आयपी पत्त्याला लागलेला टॅग (ओळखीची खूण) ग्रुपच्या मॅच अटीत बसला की तो पत्ता ग्रुपमध्ये येतो, टॅग निघाला की बाहेर पडतो, आणि त्यासाठी कमिट (सेटिंगमधील बदल फायरवॉलवर लागू करण्याची क्रिया) करावे लागत नाही. सोय मोठी आहे; मात्र बिघाड झाला तर तो नियमाकडे पाहून कळत नाही, कारण नियम जागच्या जागी असतो, ग्रुप रिकामा असतो आणि ट्रॅफिक खालच्या भलत्याच नियमात अडकते. अशा वेळी नियमांचा क्रम बदलत बसू नये, त्याने गुंता वाढतो.

प्रथम ट्रॅफिक लॉगमध्ये नेमका पत्ता आणि प्रत्यक्ष लागू झालेला नियम पाहावा. त्यानंतर कमांड लाइनवर 'शो ऑब्जेक्ट रजिस्टर्ड-आयपी ऑल' ही आज्ञा देऊन तो पत्ता नोंदला गेला आहे का, हे तपासावे. नोंद नसेल तर दोष फायरवॉलच्या नियमात नसून टॅग पाठवणाऱ्या बाजूला, म्हणजे व्हीएम मॉनिटरिंग (व्हर्च्युअल मशीनवर नजर ठेवून त्यांच्या पत्त्यांना टॅग लावणारी सोय), पॅनोरमाचे (अनेक फायरवॉल एकत्र सांभाळणाऱ्या प्रणालीचे) प्लगइन किंवा एक्सएमएल एपीआय (दुसऱ्या प्रोग्रॅमने फायरवॉलला आज्ञा देण्याचा मार्ग) वापरणारी स्क्रिप्ट यांपैकी कुठेतरी असतो. टॅगला कालमर्यादा दिलेली असल्यास ती उलटून गेली असण्याची, किंवा नोंद दुसऱ्याच व्हर्च्युअल सिस्टममध्ये (एकाच फायरवॉलमधील स्वतंत्र विभागात) झाली असण्याची शक्यताही ध्यानात घ्यावी.

नोंद असूनही 'शो ऑब्जेक्ट डायनॅमिक-अ‍ॅड्रेस-ग्रुप ऑल' या आज्ञेच्या उत्तरात पत्ता दिसत नसेल, तर टॅग आणि मॅच अट अक्षरशः ताडून पाहावी. कॅपिटल व स्मॉल अक्षरांचा फरकही पाहून घ्यावा, आणि 'अँड'ने जोडलेल्या अटीत दोन्ही टॅग एकाच पत्त्यावर असावे लागतात. अट बदलली असल्यास मात्र कमिट हवेच.

पत्ता ग्रुपमध्ये आहे, तरीही नियम लागत नाही, ही तक्रार बहुधा बाहेरून येणाऱ्या ट्रॅफिकबाबत असते. सिक्युरिटी नियमात झोन (नेटवर्कचा विभाग) नॅटनंतरचा, म्हणजे फायरवॉलने सार्वजनिक पत्त्याच्या जागी खासगी पत्ता घातल्यानंतरचा, पण पत्ता नॅटपूर्वीचा तपासला जातो. व्हीएम मॉनिटरिंगने सर्व्हरच्या खासगी पत्त्याला टॅग लावला असेल आणि विनंती सार्वजनिक पत्त्यावर येत असेल, तर डेस्टिनेशनमध्ये ठेवलेला हा ग्रुप कधीच जुळणार नाही. तेथे सार्वजनिक पत्त्याचे ऑब्जेक्टच द्यावे.

दुरुस्तीची पडताळणी नव्या कनेक्शनने करावी, कारण नियमाची निवड सेशन (एका कनेक्शनची फायरवॉलमधील नोंद) सुरू होताना होते. जुने सेशन गरजेनुसार क्लिअर करावे. एवढे करूनही अडचण राहिल्यास वरील दोन्ही आज्ञांची उत्तरे आणि ट्रॅफिक लॉगमधील संबंधित नोंद आपल्या तक्रारीसोबत आमच्या सहायता विभागाकडे पाठवावी.