नकल गळतोय? बाहेरचा वायपर आणि आतला ऑइल सील यातला फरक

जुन्या फोर बाय फोरच्या पुढच्या चाकामागे जो गोल बॉल असतो त्यावर काळे तेलकट ओघळ दिसले की लगेच निदान होतं, नकलचा (म्हणजे चाक धरून ठेवणारा, स्टीअरिंगबरोबर वळणारा भाग) सील गेला. कुठला सील ते कोणी विचारत नाही. तिथे दोन आहेत, दोघांची कामं वेगळी, आणि बहुतेक वेळा जो डोळ्याला दिसतो तोच बदलला जातो कारण तो बाहेर आहे, हाताला लागतो आणि स्वस्तही असतो. मग थोड्याच दिवसांत ओघळ परत हजर आणि दोष नवीन पार्टवर.

मी बोलतोय ते बंद नकलच्या गाड्यांबद्दल, म्हणजे ४०, ६०, ८० सिरीजच्या लँड क्रूझर, सुझुकीच्या एसजे आणि जिप्सी वगैरे. यात ॲक्सलच्या नळीच्या टोकाला पोकळ बॉल असतो, नकल त्या बॉलवर वरच्या आणि खालच्या किंगपिन बेअरिंगवर (ज्यावर चाक डावी-उजवीकडे वळतं ती) फिरतो आणि आतमध्ये ग्रीसमध्ये बुडालेला सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक वळलेलं असतानाही त्याला फिरवत ठेवणारा सांधा असतो.

आता वायपर बघा. नकलच्या मागच्या बाजूला, बॉलला घासून बसणारा जो फेल्टचा आणि रबराचा थर असतो, वर पत्र्याच्या दोन अर्ध्या रिंगा आणि छोटे बोल्ट, तो वायपर. त्याचं काम नावातच आहे, बॉल पुसणं. स्टीअरिंग फिरलं की चिखल, धूळ, पाणी बाहेर ठेवायचं आणि घट्ट ग्रीस आत ठेवायचं. त्यामुळे बॉलवर ग्रीसचा पातळ काळपट थर राहणं अगदी नॉर्मल आहे, उलट तो हवाच, बॉल कोरडा ठाक पडला तर गंजतो. पातळ तेल अडवायला तो बनवलेलाच नाही.

आतला ऑइल सील मात्र दिसतच नाही. तो बॉलच्या आत, ॲक्सलच्या नळीच्या तोंडाशी बसतो आणि त्यातून चाक फिरवणारा शाफ्ट जातो. एका बाजूला डिफरन्शियलचं (ॲक्सलच्या मधला गिअरचा डबा, थोडक्यात डिफ) गिअर ऑइल, दुसऱ्या बाजूला नकलचं मोलीवालं (मॉलिब्डेनम मिसळलेलं) ग्रीस, या दोघांना वेगळं ठेवणं एवढंच त्याचं काम. तो गेला की गिअर ऑइल नकलमध्ये येतं, ग्रीस पातळ होऊन त्याचं काळं सूप बनतं आणि ते सूप वायपरमधून बाहेर येतं. म्हणजे गळताना दिसतो वायपर पण गुन्हेगार आत बसलाय, आणि नेमकं हेच लोकांच्या लक्षात येत नाही.

ओळखायचं कसं, तर चाक न उघडताही बरंच कळतं. लँड क्रूझरच्या नकलवर चौकोनी डोक्याचा फिलर प्लग असतो, आजूबाजूची घाण नीट पुसून तो काढा, स्वच्छ तार किंवा केबल टाय आत घालून बाहेर काढा आणि जे लागलंय ते बोटांत चोळा. घट्ट, काळं-करडं, बोटाला चिकटून राहणारं असेल तर आतला सील शाबूत आहे. थेंब थेंब ओघळत असेल आणि गिअर ऑइलचा तो गंधकासारखा उग्र वास असेल तर सील गेलाय. दुधी चहासारखा रंग दिसला तर पाणी शिरलंय. सोबत डिफची लेव्हलही बघा, ती कमी आणि खाली कुठे डाग नाही, तर तेल नकलमध्ये जमा होतंय. हे लांबणीवर टाकू नका कारण तेच तेल स्पिंडलमधून (ज्यावर चाकाचा हब फिरतो ती पोकळ नळी) पुढे हबमध्ये जातं, व्हील बेअरिंगचं ग्रीस धुवून काढतं आणि शेवटी ब्रेकपर्यंत पोचू शकतं.

जुन्या लँड रोव्हरवाल्यांनी मात्र ही बोटाची परीक्षा जशीच्या तशी लावू नये. तिथे स्विव्हलमध्ये, म्हणजे त्यांच्या नकलमध्ये, मुळातच गिअर ऑइल भरायचे आणि नंतरच्या गाड्यांत पातळसर ग्रीस आलं, म्हणजे आत पातळ माल असणं हाच तिथला नियम. बाहेरचा सीलही तिथे खरंच तेल अडवतो, म्हणून क्रोमच्या बॉलवर गंजाचे खड्डे पडले की पहिला तोच फाटतो.

फक्त वायपरच गेलाय असंही होतं. फेल्ट कडक झालेलं, रबराला चिरा, बॉलवर गंजाचे ओरखडे, पण आतलं ग्रीस घट्ट. मग वायपर बदलणं योग्यच आहे. काही जण रबराची रिंग एका जागी कापून नकल न उतरवताच चढवतात, तात्पुरतं चालतं, पण मला ते पटत नाही कारण पाणी पहिल्यांदा त्या कापातूनच शिरतं.

आतल्या सीलसाठी मात्र हब, स्पिंडल, शाफ्ट सगळं बाहेर काढावं लागतं, आणि एवढं उघडलंच तर किंगपिन बेअरिंग आणि वायपरसकट पूर्ण किटच टाका. स्टीअरिंग आर्मच्या स्टडवरचे कोन वॉशर (शंकूच्या आकाराचे) हातोडीने थेट ठोकू नका, पितळी ड्रिफ्ट, म्हणजे पितळेचा दांडा लावून आर्मला ठोकलं की ते उडी मारून सुटतात. वरच्या-खालच्या शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) कुठल्या बाजूच्या कुठल्या ते लिहून ठेवा, कारण नकल ॲक्सलच्या मध्यावर बसतो की नाही हे त्या शिमच ठरवतात आणि बेअरिंगचा प्रीलोडही (आधीच दिलेला ताण) त्यांच्यावरच असतो, तो स्प्रिंग काट्याने मोजून मॅन्युअलच्या आकड्याशी जुळवायचा. नकल मध्यावर नसेल किंवा स्पिंडलचा बुश झिजलेला असेल तर शाफ्ट सीलमध्ये तिरका राहतो, लिप, म्हणजे सीलची शाफ्टला घासणारी रबरी कड, एका बाजूने दाबली जाते, दुसऱ्या बाजूने उघडी पडते आणि कोरा सीलसुद्धा गळायला लागतो. शाफ्टवर जिथे लिप घासते तिथे नखाने चाचपून बघा, नख अडकण्याइतकी खाच असेल तर नवीन सीलही फार टिकणार नाही, तिथे रिपेअर स्लीव्ह चढवा किंवा शाफ्ट बदला.

बसवताना सगळ्यात जास्त सील मरतात ते शाफ्ट आत सरकवताना. शाफ्ट जड असतो, टोक खाली झुकतं आणि स्प्लाइनच्या (टोकाच्या दातांच्या) धारेने लिप चिरली जाते, बाहेरून काही दिसत नाही. लिपला ग्रीस लावा, एका हाताने शाफ्ट वर उचलून धरा, हळूहळू आत न्या आणि स्प्लाइन जुळेपर्यंत त्याचं वजन सीलवर टाकू नका. आणि वायपरची रिंग नकल चढवायच्या आधीच बॉलवरून मागे सरकवून ठेवा, राहिली तर सगळं परत उतरवावं लागतं.

एवढं सगळं नीट करूनही दोन्ही बाजूंचे आतले सील एकदमच गळत असतील तर ॲक्सलचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा आत-बाहेर जाऊ देणारं छिद्र, तपासा. तो चिखलाने बंद झाला की गरम झालेल्या ॲक्सलमधला दाब तेल सीलमधूनच बाहेर ढकलतो, आणि तोच गरम ॲक्सल थंड पाण्यात उतरला की आत निर्वात पोकळी होऊन पाणी ओढलं जातं. ब्रीदरचा पाइप बॉनेटखाली उंचावर नेऊन बांधायला फार वेळ लागत नाही, नकल उघडलेला असतानाच ते काम उरकून टाका.