छातीतलं पाणी काढलं की दुप्पट भरतं?

मावशीच्या फुप्फुसाभोवती साचणारं पाणी घरीच काढता यावं म्हणून तिच्या छातीत कायमची राहणारी नळी बसवल्यापासून डिचोलीच्या बाजारात भेटेल तो हेच सांगतो: पाणी काढू नका, काढाल तितकं भरतं. चूक. पाणी साचतं ते आजारामुळे, अशी नळी लागणाऱ्यांत बहुधा कर्करोगामुळे, काढण्यामुळे नव्हे. उलट कित्येकांचं साचणंच हळूहळू थांबतं आणि नळी काढून टाकता येते.

घरी पाणी काढणं सोपं. हात साबणाने धुवायचे, झाकण काढून नळीचं टोक स्पिरिटने पुसायचं, बाटली जोडायची. बाटलीतल्या ओढीने पिवळसर पाणी सरसर उतरतं. एका वेळी साधारण १ लिटरपर्यंतच. खोकला किंवा कळ आली की नळीवरचा चिमटा बंद. ताप, लाली, पू दिसला तर डॉक्टरांना फोन.

आणि आंघोळ? जखम भरल्यावर, वॉटरप्रूफ पट्टी लावून खुशाल. चतुर्थीला तळीत बुडी मात्र नको.