‘डॉक्टर हू’ची जडणघडण आणि श्रेयनामावलीबाहेरची माणसे

२३ नोव्हेंबर १९६३ रोजी बीबीसीने ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा-मालिकेचा पहिला भाग प्रक्षेपित केला. मूळ मालिका १९८९ पर्यंत चालली, २००५ मध्ये तिचे पुनरुज्जीवन झाले आणि आज दूरचित्रवाणीच्या इतिहासातील सर्वांत दीर्घायुषी विज्ञानकथांमध्ये तिची गणना होते. काळाचा प्रवास घडवणारी निळी पोलीस-पेटी, अंगावर काटा आणणारे शीर्षकसंगीत, ‘डॅलेक’ नावाचे यांत्रिक शत्रू आणि मरणाच्या दारी नवा चेहरा धारण करणारा नायक या तिच्या ठळक खुणा आहेत. यांपैकी बहुतेक खुणा मालिकेच्या मूळ आराखड्यात नव्हत्या. अपुरा पैसा, अपुरी जागा आणि अपुरा वेळ यांच्याशी झगडणाऱ्या पगारी तंत्रज्ञांनी त्या घडवल्या आणि त्यांतील अनेकांची नावे पडद्यावर कधी झळकली नाहीत किंवा फार उशिरा झळकली. म्हणूनच या मालिकेच्या निर्मितीचा इतिहास कलावंतांच्या आधी या माणसांच्या बाजूने वाचायला हवा, असे मला वाटते.

विज्ञानकथेकडे बीबीसीचे लक्ष वळले ते काही एकाएकी नव्हे. १९६१ मध्ये तिने ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही सात भागांची मालिका दाखवली होती आणि तिच्या दोन लेखकांपैकी एक होते खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल, म्हणजे मराठी वाचकांना जयंत नारळीकरांचे गुरू म्हणून परिचित असलेले केंब्रिजचे प्राध्यापक. त्या मालिकेला चांगला प्रतिसाद मिळाला. १९६२ मध्ये बीबीसीच्या संहिता विभागाने दूरचित्रवाणीसाठी विज्ञानकथा कितपत उपयोगी पडेल याचा अभ्यास करवून घेतला. त्याच वर्षाच्या अखेरीस कॅनडाहून इंग्लंडमध्ये आलेले सिडनी न्यूमन नाट्यविभागाचे प्रमुख झाले. शनिवारी संध्याकाळी क्रीडावृत्त आणि तरुणांचा संगीत-कार्यक्रम यांच्यामध्ये प्रेक्षक टिकवून धरेल असे काहीतरी त्यांना हवे होते. त्यातून काळप्रवासाची, मुलांना इतिहास आणि विज्ञान शिकवणारी, दोन शाळाशिक्षकांना सोबत घेऊन चालणारी मालिका आकाराला आली. बटबटीत डोळ्यांचे परग्रहवासी राक्षस मात्र अजिबात नकोत, असे न्यूमन यांनी बजावून ठेवले होते.

निर्माती म्हणून त्यांनी व्हेरिटी लॅम्बर्ट यांची निवड केली. त्या वेळी त्यांचे वय २७ होते आणि बीबीसीच्या नाट्यविभागात निर्मातीपदावर दुसरी स्त्री नव्हती. पहिल्या कथेचे दिग्दर्शन वारिस हुसेन या २४ वर्षांच्या तरुणाकडे आले. लखनौमध्ये जन्मलेल्या, बालपणाचा बराच काळ मुंबईत घालवलेल्या आणि १९४६ मध्ये कुटुंबासह इंग्लंडला गेलेल्या हुसेन यांची आई म्हणजे इंग्रजी लेखिका अतिया हुसेन. एक तरुण स्त्री आणि एक भारतीय तरुण यांच्या हाती मालिका सोपवल्याबद्दल संस्थेतील जुन्याजाणत्यांनी नाके मुरडली. लहान मुलांचा दुय्यम कार्यक्रम म्हणूनच तिच्याकडे पाहिले जात होते आणि साधनसामग्रीही त्याच हिशोबाने मिळाली. दर भागासाठी सुमारे २३०० पौंड मंजूर झाले आणि चित्रीकरणासाठी पश्चिम लंडनमधील लाइम ग्रोव्ह येथील जुना, अरुंद ‘डी’ स्टुडिओ वाट्याला आला. ही वास्तू मूळची चित्रपटांसाठी बांधलेली होती. दूरचित्रवाणीचे अवजड कॅमेरे आणि दिव्यांची उष्णता यांना ती पुरी पडत नव्हती.

कामाची पद्धत रंगभूमीला जवळची होती. आठवड्याचे पहिले दिवस तालमीत जात आणि शुक्रवारी संध्याकाळी अख्खा भाग जवळजवळ सलग ध्वनिचित्रमुद्रित होई. त्या काळी चित्रफीत कापून जोडणे खर्चिक आणि किचकट असल्यामुळे दृश्य थांबवून पुन्हा घेण्याची मुभा क्वचितच मिळे. डॉक्टरची, म्हणजे नायकाची, भूमिका करणारे विल्यम हार्टनेल संवादात अडखळले, एखादा कॅमेरा नेपथ्याला धडकला किंवा मागे काही आदळले, तरी बहुधा तसेच पुढे जावे लागे. आज त्या भागांतल्या चुका टिपून हसणाऱ्यांनी ही परिस्थिती ध्यानात घ्यायला हवी. मला तर त्या चुकांपेक्षा त्यांचे कमी असलेले प्रमाणच अधिक थक्क करते.

२७ सप्टेंबर १९६३ रोजी मुद्रित झालेला पहिला भाग मात्र खरोखरच फसला. यानाचे दरवाजे नीट बंद होईनात आणि त्यांचा खडखडाट संवादांवर मात करू लागला. शिवाय डॉक्टरची व्यक्तिरेखा नको तितकी तुसडी उतरली. न्यूमन यांनी लॅम्बर्ट आणि हुसेन यांना जेवायला नेऊन चुकांची जंत्री वाचली आणि संपूर्ण भाग पुन्हा करण्यास सांगितले. एका भागाचा खर्च वाया गेला असताना दुसरी संधी देणे हा त्या संस्थेत साधा निर्णय नव्हता. १८ ऑक्टोबरला भाग नव्याने मुद्रित झाला. प्रक्षेपणाच्या आदल्या संध्याकाळी अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येची बातमी लंडनमध्ये पोहोचली, त्यामुळे देशाचे लक्ष दुसरीकडेच होते. सुमारे ४४ लाख लोकांनी तो भाग पाहिला. पुढल्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी तो पुन्हा दाखवण्यात आला.

काळयान बाहेरून पोलीस-पेटीसारखे दिसावे, ही कल्पना पहिल्या कथेचे लेखक अँथनी कोबर्न यांची. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या, आत दूरध्वनी असलेल्या अशा निळ्या पेट्या त्या काळी लंडनकरांच्या रोजच्या पाहण्यातल्या होत्या. कथेनुसार यान जिथे जाईल तिथल्या परिसराशी मिळतेजुळते रूप घेणार होते. दर वेळी नवे यान बांधणे परवडणारे नव्हते, म्हणून ती यंत्रणा पहिल्याच प्रवासात बिघडल्याचे दाखवले गेले आणि पेटी कायमची पेटीच राहिली. आतली षट्कोनी नियंत्रण-मेज आणि भिंतींवरच्या गोल खाचा नेपथ्यकार पीटर ब्राखाकी यांनी योजल्या. कृष्णधवल कॅमेऱ्यांना पांढऱ्या रंगाची तिरीप सहन होत नसल्यामुळे मेज फिकट हिरवे रंगवले होते. ब्राखाकी पहिल्या भागानंतर मालिकेपासून दूर झाले, परंतु त्यांचा आराखडा आजच्या यानातही ओळखू येतो.

मालिकेच्या शीर्षकसंगीताची हकीकत अधिक तपशिलाने सांगण्याजोगी आहे. स्वररचना रॉन ग्रेनर यांची. एवढ्याशा कागदावर त्यांनी सुरावट आणि खाली गुंजणारा खर्ज लिहून दिला आणि मध्ये ‘वारा’, ‘ढग’ अशा शब्दांत हवे ते ध्वनी सुचवले. ते कागदावरचे शब्द प्रत्यक्षात आणण्याचे काम बीबीसीच्या मेडा व्हेल येथील रेडिओफोनिक वर्कशॉप या ध्वनिनिर्मिती-विभागाकडे आले. तिथे केंब्रिजमध्ये गणित आणि संगीत शिकलेल्या डेलिया डर्बीशर काम करीत होत्या. त्या काळी आजच्यासारखा सिंथेसायझर हाताशी नव्हता. खर्जासाठी त्यांनी एकच तार छेडून तिचा आवाज फितीवर घेतला, फितीचा वेग कमीजास्त करून त्यातून निरनिराळे स्वर काढले आणि प्रत्येक स्वराचा तुकडा लयीनुसार मोजून, पात्याने कापून, चिकटपट्टीने पुढच्या तुकड्याला जोडला. वरची सुरावट विद्युत-उपकरणांची चाचणी घेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ऑसिलेटरच्या चकत्या हाताने फिरवून मिळवली. वाऱ्याची सळसळ गाळलेल्या कोलाहलातून आली. सगळे थर वेगवेगळ्या फितींवर तयार झाल्यावर अनेक यंत्रे एकाच क्षणी हाताने सुरू करून ते एकत्र करायचे होते. एक स्वर कुठेतरी लयीतून निसटत होता. तो सापडेना, तेव्हा डर्बीशर आणि त्यांचे सहायक डिक मिल्स यांनी फिती इमारतीच्या लांबलचक मार्गिकेत जमिनीवर शेजारी शेजारी पसरल्या आणि जोड एकमेकांशी ताडून पाहत चूक शोधून काढली. पूर्ण झालेले संगीत ऐकून ग्रेनर यांना ही आपलीच रचना आहे यावर विश्वास बसेना.

मानधनातील निम्मा वाटा डर्बीशर यांना मिळावा अशी इच्छा ग्रेनर यांनी व्यक्त केली होती. वर्कशॉपमधील कर्मचारी निनावीच राहतील, हा बीबीसीचा नियम आड आला. त्यामुळे अनेक वर्षे कोट्यवधी लोक ते संगीत ऐकत राहिले आणि श्रेयनामावलीत फक्त ग्रेनर आणि वर्कशॉप एवढेच उल्लेख येत राहिले. डर्बीशर २००१ मध्ये वारल्या. मालिकेच्या पडद्यावर त्यांचे नाव प्रथम आले ते २०१३ मध्ये, पन्नासाव्या वर्धापनदिनाच्या विशेष भागात. संस्थेचे नियम समजून घेता येतात, पण या विलंबाचे समर्थन मला करता येत नाही.

त्याच वर्कशॉपमधील ब्रायन हॉजसन यांनी यानाचा प्रकट होतानाचा आणि अदृश्य होतानाचा घरघराट तयार केला. जुन्या पियानोच्या खर्जातल्या तारांवरून त्यांनी आईच्या घराची किल्ली घासली आणि तो आवाज उलटा फिरवून, प्रतिध्वनी मिसळून घडवला. शीर्षकदृश्यातील वितळत्या, उसळत्या आकृत्या बर्नार्ड लॉज यांनी उभ्या केल्या त्याही अशाच एका तांत्रिक दोषाचा उपयोग करून. कॅमेरा स्वतःचेच चित्र दाखवणाऱ्या पडद्याकडे रोखला की प्रतिमा प्रतिमेत मिसळत जाते आणि अनपेक्षित आकार जन्माला येतात.

दुसरी कथा लिहिली टेरी नेशन यांनी आणि त्यांनी नेमके न्यूमन यांनी वर्ज्य ठरवलेले राक्षसच आणले. लॅम्बर्ट त्या कथेच्या पाठीशी ठाम राहिल्या. तयार दुसरी संहिता हाताशी नव्हती, हेही त्यामागचे एक कारण होते. नेपथ्याची जबाबदारी आधी रिडली स्कॉट या बीबीसीतील तरुण नेपथ्यकाराकडे होती. पुढे चित्रपटदिग्दर्शक म्हणून जगभर नाव झालेले हेच ते स्कॉट. वेळापत्रक जुळले नाही आणि काम रेमंड क्युसिक यांच्याकडे गेले. नेशन यांच्या संहितेत डॅलेकचे वर्णन त्रोटक होते. माणसासारखे पाय दिसता कामा नयेत आणि हालचाल सरकत्या स्वरूपाची असावी, एवढे सूत्र त्यातून क्युसिक यांनी पकडले. खुर्चीवर बसलेल्या माणसाभोवती कवच उभारायचे, हा त्यांच्या रेखाटनाचा पाया होता. आतला नट पायांनी रेटत ते कवच चाकांवर फिरवी आणि वरच्या जाळीतून बाहेर पाही. हाताच्या जागी तुंबलेली मोरी मोकळी करण्याचा रबरी दट्ट्या बसवला. अक्सब्रिज येथील शॉक्राफ्ट या कारखान्याने सुरुवातीला चारच डॅलेक बांधून दिले. त्यामुळे गर्दी दाखवायची तिथे मागे पूर्णाकृती छायाचित्रे उभी केली जात. पीटर हॉकिन्स आणि डेव्हिड ग्रॅहम यांच्या आवाजाला रिंग मॉड्युलेटर या आवाज बदलणाऱ्या उपकरणातून काढून तो कर्कश, तुटक स्वर साधला गेला.

२१ डिसेंबर १९६३ पासून ही कथा सुरू झाली आणि ती संपेपर्यंत प्रेक्षकसंख्या एक कोटीच्या पुढे गेली. मालिका बंद पडण्याची टांगती तलवार दूर झाली. डॅलेकच्या हक्कांत नेशन यांचा वाटा असल्यामुळे खेळणी, पुस्तके आणि चित्रपट यांतून त्यांना मोठी प्राप्ती झाली. क्युसिक पगारी नोकर होते, म्हणून त्यांना शंभर पौंडांच्या बक्षिसीवर समाधान मानावे लागले.

१९६६ पर्यंत हार्टनेल यांची प्रकृती ढासळली होती. निर्माते इनेस लॉईड आणि संहिता-संपादक जेरी डेव्हिस यांनी नायकच बदलण्याचे ठरवले आणि त्याला कथेत आधार दिला: डॉक्टर माणूस नसल्यामुळे त्याचे शरीर नवे होऊ शकते. २९ ऑक्टोबर १९६६ रोजी प्रक्षेपित झालेल्या भागाच्या अखेरीस हार्टनेल यांचा चेहरा पांढऱ्या प्रकाशात विरघळतो आणि तिथे पॅट्रिक ट्रॉटन यांचा चेहरा उमटतो. दृश्यमिश्रण करणाऱ्या शर्ली कॉवर्ड यांच्या ध्यानात आले होते की मिश्रण-यंत्रातील एका बिघाडामुळे चित्र जळल्यासारखे पांढरे पडते. तोच बिघाड त्यांनी या क्षणासाठी कामी आणला. मालिकेचे पुढचे सारे आयुष्य ज्या कल्पनेवर उभे आहे, तिचे पहिले दृश्यरूप असे साकारले.

ज्या भागात हे घडले तो आज पूर्ण स्वरूपात उपलब्ध नाही. चित्रफिती महाग होत्या आणि त्या पुसून पुन्हा वापरल्या जात. कलावंतांच्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या आणि रंगीत चित्रण आल्यावर कृष्णधवल भागांना बाजारमूल्य उरले नव्हते. परदेशी विक्रीसाठी काढलेल्या १६ मिलिमीटरच्या प्रतीही मुदत संपल्यावर नष्ट केल्या गेल्या. १९७८ च्या सुमारास हा प्रकार थांबला, तोवर १९६० च्या दशकातील नव्वदहून अधिक भाग हातचे गेले होते. चेहरा बदलण्याचे ते दृश्य वाचले, कारण ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात १९७३ मध्ये त्याचा तुकडा दाखवला गेला होता. ध्वनीच्या बाबतीत नशीब बरे होते. लहानमोठ्या चाहत्यांनी घरच्या टेपरेकॉर्डरचा मायक्रोफोन दूरचित्रवाणी संचासमोर धरून भाग ध्वनिमुद्रित केले होते, त्यामुळे हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज उपलब्ध आहे. २०१३ मध्ये नायजेरियातून ट्रॉटन यांच्या दोन कथांचे भाग परत मिळाले.

वारिस हुसेन यांनी १९६४ मध्ये केलेली मार्को पोलोवरची सात भागांची कथा मात्र एका चित्रफितीच्याही रूपाने मिळालेली नाही. जॉन क्युरा नावाचे छायाचित्रकार चालू प्रक्षेपणाची पडद्यावरून छायाचित्रे काढून ती कलावंत-तंत्रज्ञांना विकत असत. या कथेतील हुसेन यांनी स्वतः दिग्दर्शित केलेल्या सहा भागांची अशी छायाचित्रे पुढे त्यांच्याच संग्रहात सापडली. चौथा भाग जॉन क्रॉकेट यांनी दिग्दर्शित केला होता आणि त्याची छायाचित्रे त्या संग्रहात नव्हती.